सही करू नका

“नाक चिमटीत धरा. तोंड मिटा. आता नाकातून फुंकर मारा. कानात फट् असं झालं पाहिजे,” डॉक्टर मयेकर म्हणाल्या.

निरंजनने गाल फुगवले, डोळे मोठे केले आणि चेहरा लालबुंद करून घेतला.

“झालं?”

“झालं बहुतेक.”

“बहुतेक नको. पाण्याखाली कान ठणकायला लागले की ते बहुतेक काही कामाचं नाही. परत करा.”

मी शेजारच्या खुर्चीवर बसून खुशाल हसत होते. माझी तपासणी आधीच उरकली होती. मी साताऱ्याची, कृष्णेच्या डोहात पोहायला शिकलेली, शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत धडक मारलेली. कान, नाक, छाती, रक्तदाब सगळं ठणठणीत निघालं होतं आणि त्याची थोडी मिजासही चढली होती. आता नवऱ्याची फजिती बघायची पाळी होती.

फजिती बघणारी मी एकटी नव्हते. तपासणीच्या खोलीला दाराऐवजी अर्धा पडदा होता आणि त्या पडद्याच्या वरून माझ्या सासूबाईंचं कपाळ आणि डोळे दिसत होते. बाहेर बाक रिकामा होता. तरी त्या उभ्या होत्या.

आमचं लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. माझ्या सासरचं, सामंतांचं घर दोन पिढ्या कोल्हापुरात, पण कुलदैवत कुडाळच्या बाजूला. लग्न झालं की जोडप्याने जाऊन देवीची ओटी भरायची, ही त्यांची रीत. मी म्हटलं, एवढं खाली उतरायचंच आहे तर पुढे मालवणला जाऊ, आठवडाभर राहू आणि पाण्याखाली जायला शिकू. कोणीतरी मानगूट धरून बुडवतो, दोन मासे दाखवतो आणि फोटो काढून वर आणतो, तसलं नको. रीतसर कोर्स करू. निरंजन “बरं” म्हणाला. त्या दिवसांत तो माझ्या प्रत्येक गोष्टीला “बरं” म्हणत होता आणि मला ते फार आवडत होतं.

ओटी भरून झाली की सासूबाई एसटीने परत जातील असं मी धरून चालले होते. त्या म्हणाल्या, “मीपण येते मालवणला. मला समुद्र आवडतो.”

समुद्राकडे त्यांनी एकदाही धड बघितलं नाही. आम्ही किनाऱ्यावर फिरायला निघालो की दहा पावलं मागे त्या. आम्ही शहाळं प्यायला थांबलो की त्याही थांबायच्या. लॉजवर त्यांनी हट्टाने आमच्या शेजारची खोली घेतली आणि झोपायच्या आधी दार वाजवून विचारलं, “निरू, बरा आहेस ना?” बरा आहेस ना म्हणजे काय! बायकोबरोबर आहे, वाघाच्या पिंजऱ्यात नाही. मी ताईला फोन करून सांगितलं, “आमच्याकडे हनिमूनला तिघं असतात.” ती इतकी हसली की मलाही हसू आलं. पण खरं सांगायचं तर मी आतून धुमसत होते. कोल्हापुरातही हेच चाललं होतं. त्या आमच्या भोवतीच घुटमळायच्या, आणि मला वाटायचं, या बाईला मुलगा सोडवत नाही. पुढे आयुष्यभर हे असंच चालायचं असेल तर आपलं कठीण आहे.

डॉक्टरांकडे आम्ही आलो ते बाबी खवणेकरांमुळे. कोर्स त्यांच्याकडे होता. पैसे भरायला गेले तेव्हा पहिलं वाक्य त्यांनी हेच टाकलं होतं, “डॉक्टरांची सही व्हयी. सही नसात तर सख्ख्या भावाकसुद्धा मी पाण्यात उतरवचंय नाय.”

आता डॉक्टर मयेकर निरंजनला प्रश्न विचारत होत्या. साठीला आलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज शाळामास्तरणीचा.

“दमा?”

“नाही.”

“फिट, चक्कर?”

“नाही.”

“हृदयाचं काही? छातीचं ऑपरेशन? सायनस?”

“नाही, नाही. सर्दीसुद्धा क्वचित.”

शेवटचं उत्तर देताना त्याने माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. मीही हसले. डॉक्टरांनी त्याच्या पाठीला, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, मान हलवली आणि पेन उचललं.

माझी जीभ काही स्वस्थ बसत नाही. मी म्हटलं, “डॉक्टर, आमचं लग्न ठरवताना पण एवढी चौकशी झाली नव्हती हो.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असतील असं वाटलं, पण त्या नुसत्या माझ्याकडे वळल्या.

“घाटावरून आलात ना तुम्ही? गाडीत वेफर्सचं पाकीट असतं ना?”

“असतं.”

“घाट चढताना ते टम्म फुगतं, बघितलंय?”

“हो, कायम.”

“का फुगतं? आतली हवा तेवढीच, बाहेरचा दाब कमी होतो. आता पाण्यात बघा. जिथे तुम्ही जाणार तिथून वर येईपर्यंत छातीतली हवा दुप्पट होते. घाट त्यापुढे काहीच नाही. नळ्या मोकळ्या असल्या तर जास्तीची हवा श्वासाबरोबर निघून जाते, तुम्हाला कळतसुद्धा नाही. पण दमेकऱ्याच्या नळ्या आकसतात. हवा आत अडकते, आणि माणूस वर येतोय तशी फुगत जाते. पाकीट फुटलं तर वेफर्स सांडतात. फुप्फुस फाटलं तर बोटीवर घेईपर्यंत माणूस हातचा गेलेला असतो. तिथे ना औषध उपयोगाचं, ना मी. म्हणून ही चौकशी.”



“म्हणून मी दोनदा विचारते,” त्या निरंजनकडे वळल्या. “दमा नाही ना? लहानपणीसुद्धा?”

निरंजनने माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे बघत म्हणाला, “नाही.”

डॉक्टरांनी पेन उचललं.

पडदा सर्रकन बाजूला झाला.

“सही करू नका.”

सासूबाई आत आल्या होत्या. त्यांचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता.

“तुम्ही कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी त्याची आई. त्याला दमा आहे. सहा वर्षांचा होता तेव्हापासून.”

“आई!” निरंजन उठला. “अगं, दोन वर्षं काही नाहीये मला.”

“मागच्या आठवड्यात पहाटे काय होतं मग? गच्चीत जाऊन बसला होतास तो कशाला? हवा खायला?” त्यांनी हातातल्या पिशवीतून एक निळा पंप काढून टेबलावर ठेवला. तो आडवा पडला आणि गडगडत माझ्या बाजूला आला. “हा सदा माझ्याजवळ असतो. मी जवळ असले की हापण असतो.”

मी त्या पंपाकडे बघत राहिले. गेले तीन आठवडे माझ्या मागेमागे काय फिरत होतं, ते तेव्हा मला कळलं.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी निरंजनला अंगणातल्या फणसापासून फाटकापर्यंत पळायला लावलं, थांब म्हणेपर्यंत. तो पळाला. परत आला तेव्हा खोकत होता आणि खोकला दाबायची धडपड करत होता. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला, थोडं ऐकलं आणि त्याची टोकं माझ्या कानात घातली.

“ऐका.”

दाराच्या फटीतून वारा शिरताना बारीक शीळ वाजते ना, तसं काहीतरी माझ्या नवऱ्याच्या छातीत वाजत होतं. ज्या माणसाबरोबर मी तीन आठवडे एका खोलीत राहत होते, त्याच्या आत हे वाजतं आणि मला पत्ता नाही. माझे कान एकदम तापले.

डॉक्टरांनी त्याला दोन वेळा पंप ओढायला लावला, खुर्चीवर बसवलं आणि मग सासूबाईंना विचारलं, “हा तर त्रास झाल्यावर घ्यायचा. रोज घ्यायचा दुसरा पंप असेल ना?”

“होता. लग्न ठरल्यापासून बंद केलाय.”

“कोणी सांगितलं बंद करायला?”

“मीच. घरात सूनबाई येणार. तिच्या दृष्टीस पडला असता.”

“लग्न लागलं आणि औषध सुटलं!” डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. “काय माणसं आहात हो तुम्ही! दमा असणं हा गुन्हा आहे का? रोजचा पंप घेतला असता तर या पोराची छाती आज अशी वाजली नसती. आणि तू रे? इंजिनियर आहेस ना? पंप आईच्या पिशवीत कशाला? तुझ्या खिशात पाहिजे. आई काय तुझ्या ऑफिसात येऊन बसणार आहे?”

मी उठले आणि बाहेर व्हरांड्यात आले. तिथे थांबले असते तर काय बोलले असते ते सांगता येत नाही.

मी भयंकर चिडले होते. आजारावर नाही. माझ्या बाबांना साखर आहे, ताईच्या मुलाला चष्मा आहे, आजार कोणाला नसतात? मला घरातल्या सगळ्यांनी मिळून अंधारात ठेवलं, याची मला चीड आली होती. दाखवण्याच्या दिवशी माझ्या आईने माझ्या सगळ्या खोडी मोकळेपणाने सांगितल्या होत्या. ही तोंडाळ आहे, स्वयंपाक बेताचा आहे, पहाटे उठत नाही. आणि यांनी?

सासूबाई माझ्या मागे बाहेर आल्या. बाकावर बसल्या नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“मृणाल, फसवलं मी तुला. त्याला बोल लावू नकोस. त्याला सांगायचं होतं. मी देवाची शपथ घातली होती.”

“का पण?”

“तुझ्या आधी दोन ठिकाणी खरं सांगितलं होतं. दोन्हीकडून निरोपच आला नाही. मग मी ठरवलं, आता नाही सांगायचं.”

“मला विचारून तरी बघायचं होतं, आई.”

“हो. विचारायला पाहिजे होतं.” त्या जराही सारवासारव करत नव्हत्या. “हिंमत झाली नाही.”

“मग आज कशी झाली?”

“आज तो पाण्यात उतरणार होता.”



“तू निघून गेलीस तर तो रडेल, मला माहितीय,” त्या म्हणाल्या. “महिनाभर जेवणार नाही नीट. पण रडायला तो असायला तर पाहिजे ना ग.”

हे बोलताना त्यांचा आवाज फुटला नाही. उलट मलाच समोरचा फणस धूसर दिसायला लागला. त्यांनी पिशवीतून फोन काढला.

“तुझ्या बाबांचा नंबर लावून दे. मी सांगते त्यांना. माझ्या तोंडाने सांगते की आम्ही लपवलं. पुढे तुम्ही सगळे ठरवाल ते. मी मध्ये येणार नाही.”

त्या खरोखर लावणार होत्या. सुनेच्या बापाला, लग्नाला महिना व्हायच्या आत. कोल्हापुरात सामंतांच्या घरचा शब्द म्हणजे शब्द, असं त्यांच्याबद्दल लग्नात चार जणांनी मला सांगितलं होतं. तो सगळा मान त्या एका फोनवर पणाला लावायला निघालेल्या त्या बाईकडे मी बघितलं आणि माझा राग कसा कोण जाणे, पाय घसरल्यासारखा खाली गेला. मी फोन त्यांच्या हातातून घेतला.

“बाबांना मी सांगेन. आपलं काही लपवायचं नाही आता, पण सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही मला वेगळं काहीतरी सांगा.”

“काय?”

“हे होतं तेव्हा आधी काय दिसतं? कशावरून ओळखायचं? काय करायचं आणि काय नाही करायचं?”

मग त्या बाकावर बसल्या, तीन आठवड्यांत पहिल्यांदा टेकून बसल्या, आणि सांगायला लागल्या. आधी तो बोलणं कमी करतो. मग खांदे वर जातात. आडवं पडवत नाही, त्याला उशी देऊन बसवायचं. उदबत्ती लावायची नाही. घाबरल्यासारखं तोंड करायचं नाही, कारण तो आपल्या तोंडाकडे बघत असतो. पंपाने दहा मिनिटांत आराम पडला नाही तर घरी बसून वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. मी एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होते आणि त्या मान हलवत होत्या.

निरंजन दारात येऊन उभा होता. किती वेळ, माहीत नाही.

“तू खरंच उतरला असतास पाण्यात?” मी विचारलं.

“तुला नाही म्हणता येईना मला.”

“मूर्ख आहेस.”

“हो,” तो म्हणाला. त्यावर त्याच्या आईलाही हसू आलं.

याला आता बरीच वर्षं झाली. सासूबाई गेल्या त्यालाही चार पावसाळे झाले. आमचा मुलगा तान्हा असताना एकदा सासूबाई गावाला गेल्या होत्या आणि घर रंगवायला काढलं होतं. निरंजन बोलता बोलता गप्प झाला. खांदे वर गेले. पंप दिला, आराम पडला नाही. मी वाट बघत बसले नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, “वेळेत आणलंत, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.” मी व्हरांड्यात येऊन सगळ्यात आधी सासूबाईंना फोन लावला आणि काहीच बोलू शकले नाही. पलीकडून त्या म्हणाल्या, “बसवलंस ना? बरं केलंस. रडून घे आता.” माझा नवरा आज माझ्यासमोर पेपर वाचत बसलाय तो दोन बायकांमुळे. एक ती, जिने सही करण्याआधी पेन खाली ठेवून एका आगाऊ मुलीला वेफर्सच्या पाकिटाची गोष्ट सांगितली. आणि दुसरी ती, जिने ती ऐकली आणि पडदा बाजूला केला. त्या दोघींचे उपकार माझ्याने फिटणार नाहीत, आणि फेडावेत असं मला वाटतही नाही. असू देत ते माझ्यावर.

पण मालवणचं राहिलं सांगायचं.

मी म्हटलं होतं, आता कोर्स नको, आपण घरी जाऊ. सासूबाईंनीच मला हटकलं. “का नको? तुला सही मिळालीय ना? माझ्या मुलाला दमा आहे म्हणून तू कोरडी राहायची हे कुठलं शास्त्र?” मग मी पोहण्याच्या टाकीत शिकले, बाबी खवणेकरांच्या शिव्या खाल्ल्या, आणि शेवटी एकदाची ती वेळ आली. होडीत बाबींबरोबर आम्ही तिघं होतो. निरंजनच्या शर्टाच्या खिशात पंप होता. सासूबाई फळीला घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांना पोहता येत नव्हतं आणि होडी लागत होती, हे मला तिथे कळलं.

“आई, तुम्ही किनाऱ्यावर थांबायचं होतं,” मी म्हटलं.

“तू जा ग. माझं बघू नकोस.”

मी बाबींच्या मागोमाग गेले. खाली काय बघितलं ते सांगत बसत नाही. माशांचा एक पिवळा थवा माझ्यासाठी जरासुद्धा बाजूला झाला नाही, एवढं लक्षात आहे. आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज. आत, बाहेर, आत, बाहेर, मोकळा. एवढी साधी गोष्ट, आणि ती फुकट मिळते असं मला आजवर वाटत होतं.

बाबींनी सांगितलं तसं हळूहळू वर आले. आधी ते चढले, मग त्यांनी आणि निरंजनने मला होडीवर ओढून घेतलं. पाठीवरची टाकी उतरवली. मला धाप लागली होती, हसूही येत होतं, आणि सगळं एकदम सांगायचं होतं. निरंजनला म्हटलं, “अरे, मासे, इतके मासे—”

तेवढ्यात सासूबाई फळी सोडून, हलत्या होडीत धडपडत माझ्यापाशी आल्या. माझे ओले केस बाजूला केले आणि आपला तळहात माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, सपाट ठेवला. डोळे मिटले. आणि तशाच बसून राहिल्या.

मला कळेना काय चाललंय. निरंजन मात्र हसायला लागला.

“आई, तिला काही झालेलं नाहीये. तिची छाती चांगली आहे. मृणाल, रात्री उठून माझ्या पाठीवर हात ठेवून ती हेच करायची. श्वास बघायची.”

“गप रे तू,” सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “माझी मुलगी आत्ता पाण्यातून वर आलीय. जरा बघू दे मला.”